चाळीस शिलिंगांचं कोर्ट

कोडमध्ये कुणीतरी दहा वर्षांपूर्वी एक आकडा थेट लिहून ठेवलेला असतो. का लिहिला, कुणी सांगितला म्हणून लिहिला, काही पत्ता नाही. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. आणि एक दिवस, शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी, त्या आकड्यापायी अख्खी सिस्टिम आडवी होते. माझ्या व्यवसायबंधूंपैकी बहुतेकांनी असा आकडा शोधण्यात एखादी रात्र घालवली असेल.

गेले तीन-चार विकांत मी अशाच एका आकड्याच्या मागे होतो. फरक इतकाच, की हा आकडा कायद्यातला होता, आणि दहा वर्षं नव्हे तर १२७८ पासून १८४६ पर्यंत, म्हणजे ५६८ वर्षं तिथे ठाण मांडून बसला होता. आकडा आहे चाळीस शिलिंग. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे झाले दोन पौंड. आणि तो ज्याला चिकटला होता ते म्हणजे इंग्लंडचं काउंटी कोर्ट.

नाव ऐकूनच जांभई येत असेल तर साहजिक आहे. काउंटी कोर्टात खून-दरोडे चालत नाहीत. थकलेली उधारी, बुडवलेलं भाडं, पार्किंगचे पैसे, कंत्राटदाराने धड न बसवलेलं स्वयंपाकघर, असले दिवाणी आणि बहुतेक वेळा किरकोळ दावे तिथे येतात. इतिहासाच्या पुस्तकात मॅग्ना कार्टा असतो, राजाचं डोकं उडवणं असतं. या कोर्टाच्या वाट्याला तळटीपही मुश्किलीने येते. पण सामान्य माणसाचा दिवाणी कायद्याशी आयुष्यात कधी संबंध आलाच तर तो इथे येतो. म्हणून मला हे प्रकरण मोठमोठ्या खटल्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

तर, सुरुवातीपासून.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. जुना शब्द 'शायर', यॉर्कशायर-लँकेशायरमधला. राजाचा तिथला कारभारी तो 'शायर-रीव्ह', बोलताबोलता घासून त्याचा झाला 'शेरीफ'. (मुंबईचे शेरीफ म्हणून जे मानाचं पद आपण ऐकून आहोत, त्याचं मूळ हे.) नॉर्मन लोक इंग्लंडात यायच्या आधीपासून या शायरची सभा वर्षातून दोनदा भरत असे. बिशप आणि राजाचा सरदार अध्यक्षस्थानी, पण निवाडा ते देत नसत. निवाडा देत ती जमलेली स्थानिक जमीनधारक मंडळी. गावातली जुनीजाणती माणसं काय म्हणतात, पूर्वापार वहिवाट काय, शपथ घ्यायला कोण पुढे येतो, यावर सगळं चाले. आपल्याकडच्या गोतसभा आणि महजर आठवतात ना? त्याच जातकुळीची गोष्ट.

या जुन्या कोर्टाचा एक प्रसंग मला फार आवडला. नॉर्मन विजयानंतरची, १०७० च्या दशकातली गोष्ट. कँटरबरीचा आर्चबिशप लान्फ्रँक आणि राजाचा सावत्रभाऊ ओडो यांच्यात चर्चच्या जमिनींवरून तंटा लागला. ओडो म्हणजे साधा माणूस नव्हे, केंटचा अर्ल. दोघेही परके, दोघेही नॉर्मंडीतून आलेले. पण निवाडा कुठे झाला? केंटमधल्या पेनेनडेन हीथ नावाच्या उघड्या माळरानावर, शायरच्या सभेत. तीन दिवस चालला. इंग्लंडचे जुने रीतिरिवाज कुणाला ठाऊक, तर एथेलरिक नावाच्या म्हाताऱ्या बिशपला. तो इतका थकलेला होता की त्याला चक्क गाडीत घालून आणावं लागलं. जिंकलेल्यांनी जिंकलेल्या मुलखातल्या म्हाताऱ्याला गाडीत बसवून आणायचं आणि 'बाबा, इथला कायदा काय ते सांग' म्हणून विचारायचं, यात स्थानिक कोर्ट या कल्पनेचं सगळं सार आलं. कायदा तिथल्या माणसांच्या डोक्यात होता, म्हणून कोर्टही तिथेच भरवणं भाग होतं.

पुढे हळूहळू राजाची कोर्टं वाढली, वेस्टमिन्स्टरला स्थिरावली, तिथे पगारी न्यायाधीश आणि शिकलेले वकील आले. आणि इथे आपला आकडा प्रवेश करतो.

१२७८ साली, पहिल्या एडवर्डच्या काळात, ग्लॉस्टर इथे एक कायदा झाला. त्यातलं एक कलम असं, की आपला माल जबरदस्तीने नेला म्हणून कुणाला राजाच्या न्यायाधीशांकडे यायचं असेल, तर माल किमान चाळीस शिलिंगांचा होता अशी शपथ त्याने घ्यावी. फुटकळ भांडणं राजाच्या दारात नकोत, ती स्थानिक कोर्टातच मिटवा, असा सरळ अर्थ. पण कायदेपंडितांनी यथावकाश त्यातून उलट अर्थ काढला. चाळीस शिलिंगांच्या खालचं वरच्या कोर्टात येऊ शकत नाही ना, मग चाळीस शिलिंगांच्या वरचं खालच्या कोर्टात चालू शकत नाही! एका कोर्टाला घातलेला तळ दुसऱ्या कोर्टाचं छत होऊन बसला. कोड रिव्ह्यूमध्ये सुद्धा सुटून जाईल अशी चूक आहे ही.

त्या काळी चाळीस शिलिंग ही कारागिराची काही महिन्यांची कमाई होती, त्यामुळे तेव्हा फार बिघडलं नाही. पण महागाई काही कायद्याची परवानगी घेऊन वाढत नाही. शतकं उलटली, पैशाची किंमत घसरत गेली, आकडा तिथेच. १८४० च्या दशकात चाळीस शिलिंग म्हणजे शेतमजुराचा जेमतेम महिन्याभराचा पगार. शेरीफच्या काउंटी कोर्टाचं छत इतकं खाली आलं होतं की आत कुणाला उभं राहता येईना.

यातली सगळ्यात गमतीची गोष्ट पुढेच आहे. संसदेत काउंटीतर्फे जाणारे प्रतिनिधी याच काउंटी कोर्टाच्या बैठकीत निवडले जात. १४३० साली नियम झाला की वर्षाला किमान चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल त्यालाच मत. गर्दी कमी करायला केलेला नियम. पण इथे चाळीस हा तळ होता. त्यामुळे जसजशी महागाई वाढली तसतसे जास्त जास्त लोक त्याच्या वर येत गेले. म्हणजे एकच आकडा, एकच महागाई. तिने सामान्य माणसाला मतपेटीजवळ नेलं आणि कोर्टापासून दूर ढकललं. (मतपेटी आपली म्हणण्यापुरती. गुप्त मतदान तिथे १८७२ साली आलं.) हे मी पहिल्यांदा जुळवलं तेव्हा खुर्चीतून उठून घरात एक फेरी मारली.

मग मधल्या काळात लोकांनी काय केलं? जे आपण करतो तेच, म्हणजे जुगाड. सोळाव्या शतकात लंडनमध्ये आणि अठराव्या शतकात गावोगावी 'कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स' निघाली. प्रत्येकासाठी संसदेचा वेगळा कायदा, आणि न्यायाधीशाच्या जागी गावातलेच व्यापारी. मर्यादा बहुतेक ठिकाणी, ओळखा पाहू, चाळीस शिलिंग! बर्मिंगहॅमच्या कोर्टात विल्यम हटन नावाचा गृहस्थ १७६८ पासून बसत असे. लहानपणी डर्बीच्या रेशीमगिरणीत राबलेला, पुढे पुस्तकं आणि कागद विकून वर आलेला माणूस. कायद्याचं शिक्षण शून्य. १९ वर्षांत एक लाखावर दावे आपल्या हाताखालून गेले असं त्यानेच अभिमानाने लिहून ठेवलंय. नवरा-बायको, मालक-नोकर, दारूचं बिल, चपलांची उधारी. जाग्यावर ऐकायचं, जाग्यावर निकाल. १७८७ साली त्याने या अनुभवांवर पुस्तकही काढलं. आणि १७९१ च्या बर्मिंगहॅमच्या दंगलीत जमावाने त्याचं दुकान लुटलं, घर जाळलं. दंगल मुळात धर्म आणि राजकारणावरून झाली, पण हटनचा स्वतःचा समज असा की कोर्टात आपण ज्यांच्याविरुद्ध निकाल दिले त्यांचाही राग त्यात होता. शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांचा न्याय करायचा तर ही किंमत असते. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जायचं असतं.

तिकडे वेस्टमिन्स्टरची वाट धरली तर वेगळंच संकट. दहा-पंधरा पौंड वसूल करायला त्याहून जास्त खर्च. आणि एक अजब नियम: खटल्यातल्या वादी-प्रतिवादींना स्वतः साक्षच देता येत नसे! कारण काय, तर त्यांचा स्वार्थ गुंतलेला, ते खोटं बोलणार. म्हणजे भांडण ज्यांचं, ते सोडून बाकी सगळे बोलणार.

१८२८ साली हेन्री ब्रूम नावाच्या वकील-खासदाराने संसदेत कायदेसुधारणेवर भाषण केलं, ते सहा तास चाललं. (आपल्या हापिसातल्या मीटिंगा आठवल्या, पण असो.) सामान्य माणसाला आपल्या गावात, स्वस्तात, लवकर निकाल मिळेल अशी कोर्टं हवीत हा त्याचा ध्यास. पुढे तो लॉर्ड चॅन्सेलर झाला, १८३३ मध्ये स्थानिक कोर्टांचं विधेयक आणलं, आणि ते लॉर्ड्सच्या सभागृहात पडलं. वकिलांचा विरोध होताच. लंडनबाहेर काम गेलं तर लंडनमधल्यांचं काय, हा प्रश्न कुठल्याही काळात, कुठल्याही धंद्यात तितकाच तापतो.

शेवटी १८४६ साली कायदा झाला आणि १८४७ मध्ये नवी काउंटी कोर्टं उघडली. नाव जुनंच ठेवलं, आतला माल पूर्ण नवा. देशाचे ६० भाग, प्रत्येक भागाला एक न्यायाधीश, आणि तो आपल्या भागातल्या गावोगावी फिरून महिन्यातून एकदा तरी कोर्ट भरवणार. एकूण पाचशेच्या आसपास गावांत कोर्ट आलं. मर्यादा २० पौंड, ती १८५० मध्ये ५० पौंड झाली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इथे वादी-प्रतिवादी स्वतः उभं राहून आपली बाजू सांगू शकत होते. साक्ष म्हणून! जे वेस्टमिन्स्टरला शतकानुशतकं निषिद्ध होतं ते किरकोळ उधारीच्या कोर्टात चालू झालं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. ते पाहून १८५१ मध्ये वरच्या कोर्टांसाठीही तो नियम बदलला गेला. छोट्या सिस्टिमवर आधी करून बघायचं, चाललं तर मोठीवर चढवायचं, हा शहाणपणा व्हिक्टोरियन मंडळींकडे होता म्हणायचा.

इथपर्यंतची गोष्ट छान आहे. गरिबाच्या दारात कोर्ट आलं. आता प्रश्न असा, की त्या कोर्टाच्या दारात कोण आलं?

आले ते बहुतांशी दुकानदार आणि फेरीवाले सावकार. 'टॅलीमन' नावाची एक जमात होती. दारोदार कापडचोपड उधारीवर विकायचं, आठवड्याला थोडे थोडे पैसे गोळा करायचे. नवरा खाणीत किंवा गिरणीत, घेणारी बायको, आणि हप्ता थकला की समन्स नवऱ्याच्या नावावर. कित्येकांना उधारीचा पत्ता समन्स हातात पडल्यावर लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्षाला दहा लाखांहून जास्त दावे या कोर्टांत दाखल होत होते, आणि त्यातल्या बहुतेकांत प्रतिवादी भांडायला येतच नसे. एक दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? आणि येऊन बोलणार काय, समोर वही घेऊन बसलेल्या माणसापुढे?

ज्या कोर्टाने पहिल्यांदा सामान्य माणसाला 'बोल' म्हटलं, तिथे तो बोललाच नाही. आणि कायद्याने त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ 'कबूल' असा घेतला.

माझ्यासारख्या माणसाला हे फार खटकतं. आपण एखाद्या सर्व्हरला विनंती पाठवली आणि ठराविक वेळात उत्तर आलं नाही, तर त्याला टाईमआउट म्हणतात. टाईमआउटचा अर्थ 'होय' असा कुणी घेतला तर त्याला कुठलाही टीम लीड उभा सोलेल. नेटवर्क पडलं असेल, पत्ता चुकला असेल, समोरचा बंद असेल, काहीही असू शकतं. मान्य आहे, कोर्टाला कुठेतरी थांबावं लागतं, नाहीतर गप्प बसून कुणीही कर्ज बुडवेल. पण शंभरातल्या बहुतेक विनंत्या टाईमआउट होत असतील, तर दोष एकेका सर्व्हरचा नसतो.

आणि या गप्प बसण्याचा शेवट तुरुंगात होऊ शकत होता. कर्जापायी तुरुंग म्हटलं की डिकन्स आठवतो. त्याचे वडील १८२४ मध्ये एका पाववाल्याच्या चाळीस पौंड दहा शिलिंगांसाठी मार्शलसी तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या वखारीत लेबलं चिकटवत होता. तो जमाना १८६९ च्या कायद्याने संपला असं आपण वाचतो. अर्धंच खरं. ऐपत असून पैसे देत नाही असं दिसलं तर सहा आठवड्यांपर्यंत तुरुंगात टाकायचा अधिकार त्या कायद्याने शिल्लक ठेवला, आणि तो वापरला गेला मुख्यतः काउंटी कोर्टांतून. मोठ्या कर्जदाराला दिवाळखोरीचा दरवाजा होता. त्या दरवाज्याची फी भरण्याइतकेही पैसे नसलेला मजूर आत जायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला हजारो माणसं अशी आत जात होती.

याविरुद्ध सगळ्यात जोरात कोण बोललं असेल? एक काउंटी कोर्टाचाच न्यायाधीश. एडवर्ड पॅरी, मँचेस्टरचा. वर्षानुवर्षं समोर हेच चेहरे बघून त्याने ठरवलं की ही पद्धतच गरिबाविरुद्ध आहे, आणि १९१४ मध्ये कायदा आणि गरीब या विषयावर पुस्तक लिहून तसं स्पष्ट सांगितलं. उधार देणारा बेफिकीर उधार देतो, कारण वसुलीला कोर्ट आहे, असा त्याचा मुद्दा होता. आजच्या क्रेडिट कार्डवाल्यांनाही झोंबेल. त्याच्यावर १८९८ मध्ये भर कोर्टात गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. झाडणारा कुणी कर्जदार नव्हता, तो बेलिफ होता, आणि पॅरीने त्याचा परवाना रद्द केला होता. पॅरी वाचला आणि पुन्हा त्याच कामाला लागला. साध्या कर्जासाठी तुरुंग मात्र इंग्लंडात १९७० च्या कायद्याने थांबला. १९७०! म्हणजे बीटल्स फुटले त्या वर्षापर्यंत ते चालू होतं.

आता थोडं आपल्याकडे, कारण हे कोर्ट आपल्याकडे अक्षरशः बोटीत बसून आलं. १८४६ च्या कायद्याला चार वर्षं होतात न होतात तोच, १८५० मध्ये, त्याच्याच धर्तीवर मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांसाठी कायदा झाला. मुंबईत हटनच्या जातीचं कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स आधीपासून होतंच, त्याच्या जागी ५०० रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी स्मॉल कॉज कोर्ट आलं. धोबी तलावाजवळचं लघुवाद न्यायालय ते हेच. आता तिथे गर्दी असते ती मुख्यतः भाडेकरू आणि घरमालकांची, पण वंशावळ काउंटी कोर्टाची.

घाटावरची दिवाणी कोर्टं या घराण्यातली नव्हेत. पण रोग तोच होता, आणि तिथे तो फुटून बाहेर आला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि पुढे पुणे-नगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत तेच झालं. माणसं मारण्यावर भर नव्हता. जाळले ते कागद. कर्जरोखे, खतं, हुकूमनामे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून पुढे आलेलं चित्र पॅरीच्या मँचेस्टरहून फार वेगळं नव्हतं: सावकार रोखा घेऊन कोर्टात, शेतकरी गैरहजर, एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती. रोख्यावरची रक्कम मुळात किती घेतली होती आणि व्याजावर व्याज चढून किती झाली, हे कुणी विचारतच नव्हतं. कागदावर अंगठा आहे ना, झालं.

यावर १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. तो वाचताना मी थक्क झालो. कोर्टाने शक्यतो प्रतिवादीला समोर बोलावून त्याचा जबाब घ्यावा. रोख्यावरचा आकडा खरा मानून न थांबता, व्यवहाराच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जाऊन हिशेब करावा. (म्हणजे नुसती शेवटची बाकी नको, अख्खा लॉग काढा!) पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक नाही. आणि दावा लावायच्या आधी गावच्या समेटकऱ्याकडे जायचं, समेट झाला नाही असा दाखला आणल्याशिवाय कोर्ट दावा घेणार नाही. १८८० च्या दशकात न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखाली जिल्ह्यांतल्या कोर्टांची तपासणी करत फिरले. कायद्याने सावकारी संपली वगैरे काही नाही. सावकार हुशार होते, कर्जाऐवजी खरेदीखतं करून घ्यायला लागले. पण गप्प बसलेल्या माणसाला कोर्टाने स्वतःहून विचारावं, हे तिथे कायद्यात लिहिलं गेलं. इंग्लंडमध्ये पॅरी तेव्हा न्यायाधीशही झाला नव्हता.

आणि इंग्लंडमध्ये पुढे काय झालं? काही चांगल्या गोष्टी झाल्या. १८९७ च्या कायद्याने कामावर जखमी झालेल्या कामगारांच्या भरपाईचे वाद याच कोर्टांकडे आले. १९७३ मध्ये छोट्या दाव्यांसाठी वकिलाविना चालणारी सोपी पद्धत निघाली, तिची मर्यादा २०१३ पासून १०,००० पौंड आहे. पण दुसऱ्या बाजूला १९९० मध्ये नॉर्दॅम्प्टन शहरात एक केंद्र उघडलं, बँका आणि वसुली कंपन्यांचे दावे घाऊक प्रमाणात, संगणकावर घेणारं. कंपनीने फाईल पाठवायची, केंद्राने समन्स छापून टपालात टाकायची. २००२ पासून सामान्य माणसालाही घरबसल्या वेबसाईटवरून दावा लावता यायला लागला. मग २०१० च्या शेवटी सरकारने एका फटक्यात ४९ काउंटी कोर्टं बंद करायचं जाहीर केलं, पुढेही आणखी गेली. आणि २२ एप्रिल २०१४ ला उरलेली सगळी मिळून कायद्याने एकच 'काउंटी कोर्ट' झालं, इंग्लंड आणि वेल्स मिळून एक. नावात काउंटी आहे, पण ते आता कुठल्याच काउंटीचं नाही. इमारती आहेत, पण त्यांना म्हणायचं 'सुनावणी केंद्र'.

तंत्रज्ञ म्हणून मी याला वाईट म्हणावं अशी अपेक्षा नसेल. दावा लावणं स्वस्त आणि सोपं झालं हे चांगलंच. फक्त सोपं कुणाला झालं ते बघा. माझा एक मित्र दोन वर्षं तिकडे ऑनसाईट होता. एका पार्किंगच्या जागेत ठरल्यापेक्षा वीस मिनिटं जास्त गाडी उभी राहिली. पार्किंग चालवणाऱ्या कंपनीची पत्रं जुन्या फ्लॅटवर जात राहिली, तो तोवर दुसऱ्या गावी राहायला गेलेला. दाव्याचं पत्रही तिथेच गेलं. उत्तर नाही, म्हणून कबूल. हे सगळं त्याला कळलं केव्हा, तर मोबाईलचा करार नाकारला गेला तेव्हा. कोर्टाचा असा निकाल, तिकडच्या बोलीत 'सीसीजे', महिन्याभरात पूर्ण पैसे भरले नाहीत तर सहा वर्षं सार्वजनिक नोंदवहीत राहतो आणि कर्ज देणारा प्रत्येक जण तो बघतो. ही नोंदवही १८५२ पासून चालू आहे, म्हणजे आपल्या रेल्वेपेक्षा एक वर्षाने मोठी. निकाल रद्द करून घ्यायच्या अर्जाची फी मूळ पार्किंगच्या दंडापेक्षा जास्त निघाली.

पेनेनडेनच्या माळावर म्हाताऱ्या बिशपला गाडीत घालून आणत होते; इथे माणसाचा चालू पत्ता कोणता हेही कुणी बघितलं नव्हतं. वर्षाला दहा लाखांहून जास्त दावे लागतात, प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत पोचतात ते अगदी थोडे. जे भांडतात त्यांना छोट्या दाव्याच्या निकालासाठी वर्षभराच्या आसपास थांबावं लागतं. २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या न्यायविषयक समितीने काउंटी कोर्टाची तपासणी केली, तेव्हा कागदांचे ढीग, गहाळ फायली आणि एकमेकांशी न बोलणाऱ्या सिस्टिम सापडल्या. दावा घेणारी बाजू संगणकाची आणि न्याय देणारी बाजू कागदाची, असा हा प्रकार.

तरी जुन्या कोर्टाचा एक धागा आत कुठेतरी टिकून आहे. ठरावीक रकमेचा दावा असेल, प्रतिवादी कंपनी नसून व्यक्ती असेल आणि तिने उत्तर दिलं, तर सुनावणीसाठी फाईल साधारणपणे तिच्या गावाजवळच्या केंद्रात जाते. दावा लावणारा कितीही मोठा असो, यायचं त्याने. उत्तराला मुदत १४ दिवस. आणि 'पत्र मिळालं, मी भांडणार आहे' एवढं त्या १४ दिवसांत कळवलं तर एकूण २८. शिवाय मे २०२४ पासून पैशांच्या छोट्या दाव्यांत सुनावणीआधी मध्यस्थाशी बोलणं सक्तीचं झालंय. तासाभराचा फोन, फुकट. मध्यस्थ एकदा या बाजूशी बोलतो, एकदा त्या बाजूशी, आणि समेट नाहीच झाला तर प्रकरण न्यायाधीशाकडे जातं. १८७९ सालच्या आपल्या समेटकऱ्यापाशी फोन नव्हता, एवढाच काय तो फरक.